पंच ॲम्सलरचा खिसा

शनिवार, १६ सप्टेंबर १९७२

व्हर्ना, आधी तारीख घाल. वर्षही घाल, नाहीतर मी मेल्यावर लोक म्हणतील म्हातारी जुनी भांडणं उकरून काढत होती. भांडण ताजं आहे, कालचं.

मला अक्षर येत नाही. म्हणून माझ्या मनातलं शेजारच्या व्हर्ना स्ट्रोहच्या हातून कागदावर उतरणार. तिने तीस वर्षं टेलिफोनच्या केंद्रात बसून अख्ख्या क्रॉली फोर्क गावाचं बोलणं ऐकलं आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही, असं ती म्हणते. हे वाक्य ती नाक मुरडून लिहिते आहे. लिही.

तर काल ईस्ट बेंटनशी सामना. माझा नातू मेट्रो आमच्या शाळेच्या फुटबॉल संघात एक्कावन्न नंबर. पायाने लाथाडायचा फुटबॉल नव्हे, चेंडू हातात धरून पळायचा, अमेरिकन. चेंडू नेणाऱ्या पोरापुढे धावायचं आणि आडव्या येणाऱ्याला बाजूला लोटून वाट करून द्यायची, हे त्याचं काम. त्याची आई, माझी ओल्गा, नवऱ्याबरोबर क्लीव्हलंडला गेली, पण पोरगा ह्या संघासाठी माझ्याकडेच राहिला. नोव्हेंबरात शेवटच्या सामन्याला कॉलेजचा माणूस त्याला बघायला येणार आहे. पसंत पडला तर फुकट शिक्षण. नाही पडला तर आजोबांची खाण आहेच. माझा नवरा वसिल त्या खाणीत गाणी म्हणत गेला होता आणि खोकत बाहेर आला.

तिसऱ्या डावात शिट्टी वाजली, खेळ थांबला. मेट्रो कमरेवर हात ठेवून उभा होता. तेवढ्यात त्यांचा चौसष्ट नंबरचा रेडा लांबून धावत आला आणि बाजूने त्याच्या गुडघ्यात शिरला. मी बाकांवरून खाली धावले. एक बूट वरच राहिला.

आणि पंच ॲम्सलर पाच पावलांवर उभा. खोटं खेळणाऱ्याच्या दिशेने पिवळा रुमाल फेकायचा, एवढंच त्या माणसाचं काम. रुमाल खिशातच राहिला. तो रुमाल मी शिवलेला आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या पंचांच्या पांढऱ्या तुमानी आणि रुमाल मीच शिवते. लांब जाऊन पडावा म्हणून कोपऱ्यात मक्याचे वाळके दाणे घालते. ॲम्सलरने एकदा ओला रुमाल तसाच ठेवला तर त्याला कोंब फुटले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा माणूस रुमाल बाहेर काढत नाही.

व्हर्ना म्हणते, तो दुसरीकडे बघत होता. बावीस पोरं आणि माणसाला डोळे दोन. मी म्हणते, दोनातला एक तरी वापरायचा.

डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, पण ऑक्टोबर घरात जाणार. ॲम्सलरला मी सोडणार नाही. हे मोठ्या अक्षरात लिही.


सोमवार, १८ सप्टेंबर

अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये आज सामन्याची फिल्म दाखवली. दर सोमवारी दाखवतात. कोच डुबिक यंत्र चालवतो, गावातले पुरुष कॉफी पितात आणि ज्यांनी आयुष्यात कधी चेंडूला हात लावला नाही ते कुणी कसं खेळायला हवं होतं ते सांगतात.

आज सगळा वाद एकाच गोष्टीवर होता, शिट्टी आधी की धडक आधी. न्हावी म्हणाला शिट्टी आधी. खाटीक म्हणाला दोन्ही एकदम, आणि एकदम असेल तर नियमात बसतं. न्हाव्याने त्याला विचारलं, तुझी सुरी आणि तुझं बोट एकदम भेटतात तेव्हा तू काय म्हणतोस? फिल्मला आवाज नसतो, त्यामुळे शिट्टी कुणालाच दिसली नाही.

मेट्रो कुबड्या घेऊन माझ्याशेजारी बसला होता. तो पडतो ते बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तो डाव अजून यायचा होता, त्याच्या आधीचा चालू होता, म्हणून डोळे उघडे होते. आमचा पोरगा चेंडू घेऊन डावीकडे पळाला. उजव्या कोपऱ्यात मेट्रो दिसला. त्यांचा एक पोरगा त्याच्याकडे पाठ करून रमतगमत चालला होता, चेंडूशी त्याचा काही संबंध नव्हता. मेट्रो त्याच्या दिशेने धावत सुटला, आणि नेमका तेव्हा बल्ब गेला.

काय नशीब. डुबिकचा हात यंत्रावरच होता, बिचाऱ्याला चटका बसला असेल. बल्ब गेला तरी यंत्र घरघरत राहिलं. दिवे लावले तेव्हा सगळ्यांचा वाद संपला होता. माणसं गुपचूप कोट घालायला लागली. मेट्रो बुटांकडे बघत होता. मी डुबिकला म्हटलं, तो ॲम्सलर आंधळ्यासारखा उभा आहे ते बघितल्याशिवाय मी मरणार नाही, नवा बल्ब मी आणते. तो म्हणाला, नको, नको, तसला बल्ब पिट्सबर्गहून मागवावा लागतो, त्रास नका घेऊ. त्रास कसला? उद्याच हार्डवेअरच्या दुकानात सांगते.

घरी येताना व्हर्ना वाटभर चष्मा पुसत होती. काय गं दिसलं तुला, म्हटलं. म्हणाली काच धुरकटली आहे.


शुक्रवार, २२ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात आम्ही बायका शुक्रवारी पिरोही करून विकतो. ॲम्सलर दर शुक्रवारी शेजारच्या गावातून येऊन डझनभर नेतो. बायको गेल्यापासून त्याचं रात्रीचं जेवण तेच. बाकीच्या बायका म्हणाल्या त्याला देऊच नका. मी म्हटलं, असं कसं, गिऱ्हाईक आहे. त्याच्या डझनात मी बटाटा भरलाच नाही. नुसती कणीक मुडपून उकडली, वर लोणी आणि कांदा.

व्हर्ना म्हणते हे पाप आहे. पाप असतं तर पाद्रीबाबा हसले नसते.

संध्याकाळी निरोप आला की ॲम्सलर म्हणतो, आज पिरोही फार हलकी झाली होती. अशा माणसाला छळणंसुद्धा अवघड.


गुरुवार, ५ ऑक्टोबर

व्हर्नाने कुठूनतरी नियमांचं पुस्तक पैदा केलं आहे आणि मला वाचून दाखवते. कुठून, विचारलं तर म्हणते, मिळालं. पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव आहे आणि ती त्यावर अंगठा ठेवून बसते.

नियम असा. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्या पाठीमागून पायात शिरायचं नाही. पंधरा यार्डांचा दंड. शिट्टीनंतर धडक द्यायची नाही. तोही पंधरा यार्ड. मी म्हटलं, गुडघ्याला पंधरा यार्ड? हा कुठला भाव? व्हर्ना म्हणाली दोन्हीला सारखाच भाव आहे बघ, पराश्का, मागून मारलं तरी आणि नंतर मारलं तरी. आणि मी काही बोलेन याची वाट बघत असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकला.

जेवताना मेट्रोने विचारलं, आजी, पंचाने बघितलंच नाही, रुमाल पडलाच नाही, तर फाऊल झाला असं म्हणायचं का?

मी म्हटलं, झाला म्हणजे झाला. गुडघा काय पंचाला विचारून सुजतो?

पोराने चमचा खाली ठेवला. दुखत असणार. वर जाऊन झोपला. त्याचा हलुष्कीचा, कोबी घातलेल्या शेवयांचा, वाडगा अर्धा राहिला, हे ह्या घरात आजवर झालेलं नाही. हेही ॲम्सलरच्या खात्यावर लिही.


मंगळवार, २४ ऑक्टोबर

दोन गोष्टी घडल्या. पिट्सबर्गहून बल्ब आला. जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून शिवणाच्या खणात ठेवला आहे, शेवटच्या सामन्याची फिल्म दाखवतील तेव्हा नेईन.

दुसरी, ॲम्सलर तुमान घेऊन आला. कंबर सैल करून हवी होती. आमचा शेवटचा सामना, हॉलोवेशी, त्याच्याकडे आहे. मनात म्हटलं, ये बाबा, तुझीच वाट बघत होते.

टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि मेट्रोचा गुडघा कसा आहे विचारलं. मी म्हटलं, गुडघ्यासारखा आहे. थोडा वेळ टोपी फिरवत राहिला, मग म्हणाला, "हुडाकबाई, त्या दिवशी मला दिसायला हवं होतं. दोन्ही वेळा."

दोन वेळा कसलं? मेट्रो एकदाच पडला. वयामुळे माणसाला एकाचे दोन दिसतात म्हणतात. पण मग तर दुप्पट दिसायला हवं होतं.

नेमकी तेव्हाच व्हर्ना वाटीभर साखर मागायला आली, ओठ रंगवून. साखर मागायला. हे लिहिताना तिचे कान लाल झाले आहेत. तुला काय झालंय गं? चूल फार तापली असेल.


बुधवार, १ नोव्हेंबर

खिसा झाला.

मागचा उजवा खिसा. शिवून बंद करायचा तर मूर्खालाही कळेल. मी अस्तराच्या आत एक कापडाची जीभ बसवली, खाली वळलेली. रुमाल आत जाताना ती चपटी होते. बाहेर ओढलात की दाण्यांची गाठ तिच्यात अडकते. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, जाताना सरळ वाट, येताना नाही. टाका इतका बारीक की माझा मलाच सापडेना. कॉलेजचा माणूस, दोन गावं, सगळ्यांसमोर ॲम्सलर स्वतःचा पार्श्वभाग ओढत नाचेल. ज्या रुमालाने माझ्या पोराला दगा दिला तोच रुमाल त्याला दगा देणार.

इथे व्हर्नाने पेन खाली ठेवलं. म्हणाली, हे मी लिहिणार नाही, आणि तू ते आत्ताच्या आत्ता उसव. मी म्हटलं, तू टेलिफोनवाली आहेस, ऐकायचं आणि जोडून द्यायचं. ती म्हणाली, "पराश्का, त्या सोमवारी बल्ब गेला नव्हता."

मी म्हटलं, मग काय गेलं होतं?

ती कोट घेऊन गेली. तासाभराने परत आली आणि हे सगळं लिहिलं. पण तुमान तोवर ॲम्सलरचा भाचा येऊन घेऊन गेला होता.

बल्ब गेला नव्हता म्हणे. अंधार झाला तो काय मी स्वप्नात बघितला?


शनिवार, ४ नोव्हेंबर

काल रात्रीचा सामना. जसं झालं तसं सांगते. व्हर्ना, मध्ये थांबू नकोस, मीही थांबणार नाही.

थंडी होती. कॉलेजचा माणूस करड्या टोपीत मधल्या बाकावर बसला होता. मेट्रो सुरुवातीपासून मैदानात. आल्याआल्या त्याने दोन पोरांना असं बाजूला केलं की आमच्या पोराला पळायला हमरस्ता मिळाला. मी ओरडून ओरडून घसा बसवला.

दुसऱ्या डावात आमचा पोरगा चेंडू घेऊन डावीकडे पळाला. सगळं मैदान तिकडे वळलं. मी मात्र चेंडूकडे बघत नव्हते. मी ॲम्सलरच्या खिशाकडे बघत होते, म्हणून मला उजवीकडचं दिसलं. हॉलोवेचा बावीस नंबर पाठ करून चालला होता. मेट्रो मागून धावत आला आणि त्याच्या पायात शिरला. बावीस नंबर तोंडावर पडला.

ॲम्सलरचा हात खिशाकडे गेला. ओढलं. पुन्हा ओढलं. एका पायावर गरकन फिरला, जणू तुमानीत गांधीलमाशी शिरली आहे. आमची अख्खी बाजू हसायला लागली. मी सगळ्यात मोठ्याने हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेवटी त्याने खिसा फाडून रुमाल काढला तोवर आमचा पोरगा रेषेपलीकडे पोचला होता. पांढऱ्या टोपीचा मुख्य पंच आला, इतक्या उशिरा पडलेला रुमाल कसला म्हणाला आणि उचलून त्याच्या हातात परत दिला. गुण आमचे. बावीस नंबर उठून लंगडत आपल्या रांगेत गेला. मेट्रोने बाकांकडे वर बघितलं. मी हसताना दिसले असेन.

तिसऱ्या डावात तोच खेळ. चेंडू डावीकडे. मेट्रो उजवीकडे. ह्या वेळी तो आणखी लांबून धावत आला. का नाही येणार, एकदा जमलं होतं.

आवाज माझ्या बाकापर्यंत आला. लाकूड मोडल्यासारखा.

ॲम्सलरने खिशाकडे हातही नेला नाही. रुमालाऐवजी डोक्यावरची टोपी काढून फेकली. टक्कल दिव्याखाली चमकत होतं, पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. बावीस नंबरला फळीवर घालून नेताना पलीकडच्या बाकांवरून एक म्हातारी खाली धावत आली. डोक्याला रुमाल बांधलेला, माझ्यासारखाच. एका पायात बूट नव्हता.

आमची माणसं लगेच बोलायला लागली. बाजूने धडक होती, मागून नाही. पोरगा ऐनवेळी वळला. ॲम्सलर प्यायलेला आहे, आधी रुमाल निघत नाही, मग टोपी फेकतो. न्हावी आणि खाटीक पहिल्यांदाच एका मताचे झाले.

मी खाली बसले होते. कुणीतरी विचारलं, पराश्काबाई, बरं वाटत नाही का? मी सप्टेंबरमधल्या त्या पाठमोऱ्या पोराचा विचार करत होते. रमतगमत चालला होता. आणि चौसष्ट नंबर कुठून इतका पेटून धावत आला होता, हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

कॉलेजच्या माणसाने डुबिकला सांगितलं, मला नीट दिसलं नाही, सोमवारी थांबतो आणि फिल्म बघतो.


रविवार, ५ नोव्हेंबर

ॲम्सलर आला. फाटकी तुमान टेबलावर ठेवली. जीभ उसवून बाहेर लोंबत होती, माझे टाके जसेच्या तसे. तो फक्त म्हणाला, "खिसा शिवून हवा होता."

मी त्याच्यासमोर शिवला. रुंद, साधा. चार वेळा त्यात हात घालून बघितला. व्हर्नाने न विचारता त्याच्या कॉफीत दोन चमचे साखर घातली. तिला कसं माहीत, कोण जाणे. हो, माहीत आहे मला आता. आंधळी मी एकटीच होते वाटतं ह्या गल्लीत.

तो गेल्यावर मेट्रोला म्हटलं, बावीस नंबरचं नाव काय? त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "पहिल्या वेळेला रुमाल पडला नव्हता, आजी. आणि तू हसत होतीस."

मला माझंच बोलणं आठवलं, गुडघ्याचं.


मंगळवार, ७ नोव्हेंबर

काल सोमवार होता. जाताना शिवणाचा खण उघडला आणि फ्लॅनेलची पुरचुंडी पिशवीत घातली. व्हर्नाने बघितलं आणि माझा हात धरून चालली, जे ती बर्फ पडल्याशिवाय करत नाही.

हॉल खचाखच. करडी टोपी पहिल्या रांगेत. डुबिकने पहिला डाव दाखवला, मेट्रोने वाट केली ती दोनदा मागेपुढे करून दाखवली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा डाव सुरू झाला. आमचा पोरगा चेंडू घेऊन डावीकडे पळाला.

आणि बल्ब गेला.

यंत्र घरघरत राहिलं. अंधारात सगळे ॲम्सलरवर तुटून पडले. आंधळा, बेवडा, खिशात हात अडकलेला म्हातारा. डुबिक म्हणाला, साहेब, दिलगीर आहे, तसला बल्ब इथे मिळत नाही, पण पोरगा सच्चा आहे, माझा शब्द घ्या. त्या माणसाने म्हटलं, ठीक आहे, कोच, तुमचा शब्द घेतो.

झालं होतं. एवढंच तर मला हवं होतं, सप्टेंबरपासून. पोरगा खाणीतून सुटला होता आणि ॲम्सलर गावभर बदनाम झाला होता.

मी उठले. म्हटलं, रुमाल अडकला तो माझ्या टाक्यांत. मुद्दाम घातले होते. त्याला बोलू नका, मला बोला. आणि डुबिक, बल्ब माझ्याकडे आहे. पिट्सबर्गचा.

मेट्रोने माझं मनगट धरलं. "आजी, नको ना."

मी पुरचुंडी उघडून हात पुढे केला. डुबिक पुढे येईना. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात न्हावी छताकडे बघताना दिसला, खाटीक जमिनीकडे. माझा हात आखडायला लागला. मग मनगटावरची पकड सुटली आणि मेट्रो उठला. मला वाटलं दाराकडे जाईल. त्याने माझ्या हातातून बल्ब घेतला. तो यंत्रापाशी गेला. डुबिक बाजूला झाला नाही, तेव्हा मेट्रोने त्याला खांद्याने हलकेच बाजूला केलं, समोरून, नियमाप्रमाणे.

भिंत उजळली. आम्ही दोन्ही वेळा बघितलं. दुसऱ्या वेळेला मी डोळे मिटले नाहीत. व्हर्नानेही चष्मा पुसला नाही.

कॉलेजचा माणूस टोपी घालून गेला. जाताना मेट्रोशी हात मिळवला. हात मिळवला म्हणजे काय ते व्हर्नालाही सांगता येत नाही.

आज सकाळी पोरगा बस धरून हॉलोवेच्या इस्पितळात गेला आहे. बावीस नंबरचं नाव रसेल आहे. मी बरोबर दोन डझन पिरोही दिली, एक डझन रसेलला, एक त्याच्या आजीला. ह्या वेळी बटाटा भरला आहे, ठासून. एक डझन ॲम्सलरकडे व्हर्ना घेऊन जाणार आहे. तिने ओठ रंगवले आहेत.

एवढं सगळं झालं म्हणून कुणी असं समजू नये की मी मऊ पडले. ईस्ट बेंटनच्या चौसष्ट नंबरला मी अजून माफ केलेलं नाही. पुढल्या वर्षी तो कुणाकडून तुमान शिवून घेतो ते मी शोधून काढणार आहे. व्हर्ना, आकडा नीट काढ. सहा आणि चार.